पुसलेली दारं

१

रोज सकाळी आठला मी दुकानाची खिडकी उघडते, टेबल कोरड्या फडक्याने पुसते, हात साबणाने धुते आणि पुन्हा एकदा धुते. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. जुने कागद दुरुस्त करणं हा माझा धंदा. फाटके नकाशे, वाळवीने चाळण केलेल्या वह्या, कुणाच्या पणजोबांची पत्रं, असं काहीबाही येतं. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, “पाणी नाही हो पडलं कधी.” कागद सांगतो, पडलं, आणि ते पाणी नव्हतं, चहा होता. वीस वर्षं हे ऐकून माझा माणसांवरचा विश्वास उडालाय, कागदावरचा शाबूत आहे. माझा मोठा भाऊ मला फौजदार म्हणतो. म्हणू दे. तो पाट्या रंगवतो, त्याला कुणाची चौकशी करावी लागत नाही.

मागच्या खोलीत आजोबा राहतात, आमच्या आईचे वडील. आई-बाबा गेल्यावर त्यांनीच दादाला आणि मला वाढवलं. वय ब्याण्णव, डोकं ठणठणीत, हात मात्र इतके थरथरतात की कपातला अर्धा चहा बशीत येतो. घरातलं कुठलंही दार जरासं उघडं राहिलं की मागून आवाज येणारच, “दार लोटून घे.” दादा आणि मी त्या वाक्याच्या नकला करतच मोठे झालो.

गेल्या महिन्यात त्यांच्या पलंगाचा पाय बदलताना दादाला खाली एक पत्र्याचा डबा सापडला. डब्यात पेन्सिलने काढलेली अकरा चित्रं होती. अकराही खेड्यांतल्या चर्चची.

आजोबा तरुणपणी परदेशातल्या लढाईत तोफखान्यात होते एवढं आम्हाला ठाऊक होतं. तिथे ते चित्रं काढायचे हे आत्ता कळलं. गंमत म्हणून नाही, ते त्यांचं कामच होतं. पुढे जाऊन समोरचं गाव हुबेहूब काढायचं, म्हणजे मागच्या तोफांना नेम कशावर धरायचा ते कळतं. खेड्यात सगळ्यात उंच काय, तर चर्चचा मनोरा. म्हणून सगळी चित्रं चर्चची. मला तर भरून आलं. एवढ्या धुमश्चक्रीत हा माणूस बसून कौलं मोजत होता. डाव्या हाताने ओढलेल्या त्या बारीक तिरक्या रेघा, मनोऱ्यावरचा वाऱ्याने फिरणारा पत्र्याचा कोंबडा, कुंपणाचा एकेक दगड. एकही रेघ आळसाने मारलेली नव्हती.

दादाने लगेच वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन ठरवून टाकलं. आजोबा नाही म्हणाले नाहीत. डब्याचं झाकण लावत म्हणाले, “लावायची तर लावा. पण जशी आहेत तशी.”

मी हो म्हटलं. प्रत्येक गिऱ्हाईक असंच म्हणतं, आणि साफ केलेला कागद हातात पडला की डोळे पुसत घरी जातं.

२

साफ करण्यासारखं एकच होतं. प्रत्येक चित्रात चर्चच्या दारावर राखाडी डाग होता, अंगठ्याएवढा, चोळल्यासारखा. बाकी सगळं लख्ख आणि नेमकं दारच मळलेलं. मी मनाशी म्हटलं, घामेजल्या हाताने चित्र धरलं असणार.

आता विचार करते तेव्हा स्वतःचीच लाज वाटते. दारं पानांवर अकरा ठिकाणी होती. कुठे डावीकडे, कुठे मधोमध, कुठे अगदी खाली झाडामागे. घामाचा अंगठा अकराही वेळा बरोबर दारावरच कसा पडेल, हा प्रश्न कुठल्याही नवशिक्याला पडला असता. मला पडला नाही. घरच्या माणसाच्या कागदावर संशय घ्यायचा नसतो, एवढंच त्याचं कारण.

सोमवारी सकाळी कोंबड्याच्या चर्चपासून सुरुवात केली. आधी फोटो काढला. खोडरबर किसून त्याची भुकटी डागावर पसरली आणि बोटाच्या टोकाने गोल गोल फिरवली. अशाने वरचा मळ भुकटीत येतो आणि खालची दाबून मारलेली रेघ तशीच राहते. मऊ ब्रशने भुकटी झाडली, तर डागाखाली दार निघालं. उघडं दार. दोन्ही झडपा आत गेलेल्या आणि आत अंधार, दाट रेघांचा, खोल. सबंध चित्रात सगळ्यात सुरेख काम तेच होतं, आणि ते डागाखाली गाडलं गेलं होतं. मी पुन्हा फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत सात चित्रं झाली. सात दारं, सातही उघडी. स्वतःवर इतकी खूष होते की जेवताना आजोबांना सांगून टाकायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं, प्रदर्शनातच बघू दे.

३

मंगळवारी सकाळी कोंबड्याच्या दारात एक उभी रेघ होती.

उंबऱ्याच्या आत, अंधाराला लागून. केसाएवढी. मी आधी चष्मा पुसला, मग कालचा फोटो उघडून बघितला. फोटोत रेघ नव्हती.

असल्या वेळी मी घाबरत नाही, चिडते. दिवा टेबलावर आडवा टेकवला. उजेड असा कडेने सोडला की पेन्सिलच्या दाबाने कागदात पडलेली खाच दिसते. आजोबांच्या एकूण एक रेघांना खाच होती. या रेघेला नव्हती. म्हणजे हात हलका, कागदाला न दुखवणारा. म्हणजे ब्रश धरायची सवय असलेला. दुकानाची दुसरी किल्ली कुणाकडे असते? लहानपणी माझ्या इतिहासाच्या पुस्तकातल्या प्रत्येक राणीला मिशा कुणी काढल्या होत्या?

मी दुकान बंद करून तडक दादाच्या कारखान्यात गेले. तो एका दंतवैद्याच्या पाटीवर दात रंगवत होता.

“दादा, खरं सांग. काल रात्री दुकानात आला होतास?”

“मी? कशाला?”

“आजोबांच्या चित्रावर रेघ मारायला.”

त्याने ब्रश खाली ठेवला. “फौजदार, मी आलो असतो तर रेघ मारून थांबलो नसतो. शिंगं काढली असती, शेपूट काढलं असतं, खाली तुझं नाव घातलं असतं.”

“हसू नकोस. किल्ली दे.”

त्याने जुडग्यातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाला, “तुला खरंच वाटलं, मी म्हाताऱ्याच्या चित्राला हात लावीन?”

खरंच वाटलं होतं, आणि किल्ली घेऊन घरी येतानाही वाटतच होतं.

४

त्या संध्याकाळी सातही चित्रं खणात ठेवून मी खणाला कुलूप लावलं. वर पातळ कागदाची पट्टी चिकटवली, अर्धी खणावर, अर्धी टेबलावर, आणि मधोमध सही केली. पट्टी न फाडता खण उघडणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. खणाच्या दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात.

बुधवारी सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. सहीचा काना इकडचा तिकडे झाला नव्हता.

खण उघडला. कोंबड्याच्या दारात आता एक खांदा होता.

रेघ वाढून खांदा झाली होती, आणि दाराच्या चौकटीला बाहेरून धरलेली चार बोटं. चेहरा नाही. चेहरा असायला हवा तिथे अंधार पुढे झुकला होता, एवढंच. मी बाकीची सहा काढली. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रात उंबऱ्याच्या आत एकेक उभी रेघ. चौथ्यात अजून काही नव्हतं. म्हणजे मी ज्या क्रमाने पुसली त्याच क्रमाने.

मी शांतपणे कारणं शोधली. आधीपासूनच असेल आणि हवा लागून आता वर येत असेल. काही शाया अशा उमटतात, पण पेन्सिल उमटत नाही. फोटो खराब असेल. पण फोटोत कौल न् कौल दिसत होतं. माझे डोळे? डोळे दोन महिन्यांपूर्वीच तपासले होते. सगळी कारणं संपली तेव्हा उठून पाणी प्यायले.

वाचनालयात जाऊन प्रदर्शन पुढे ढकला म्हणून सांगायचं ठरवलं. या गडबडीत दोन दिवस टेबल पुसायचंही राहिलं होतं; साफ करताना सांडलेली भुकटी तशीच होती, तिच्यावरच कोंबड्याचं चित्र उघडं ठेवलं, ते पुन्हा खणात घालवेना. बाकीची सहा खणात, पुन्हा कुलूप, पुन्हा पट्टी, पुन्हा सही. बाहेर पडताना दुकानालाही कुलूप घातलं.

दीड तासाने परत आले तेव्हा बाहेरचं कुलूप तसंच होतं. खणाची पट्टी फाटली होती. खण उघडा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रातल्या दारांवर ताजा राखाडी डाग, अंगठ्याएवढा.

दुकानातून घरात जाणारं आतलं दार मला आठवलंच नव्हतं. आणि खणाची तिसरी किल्ली असेल तर ती ज्याचं घर त्याच्याकडेच असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी आजोबांच्या खोलीत गेले. ते पलंगावर ताठ बसले होते, दाराकडे तोंड करून. डाव्या हाताचा अंगठा काळाकुट्ट होता.

५

“आजोबा, हे काय केलंत?”

“किती पुसलीस?” त्यांनी उलट विचारलं.

“सात.”

“मी सांगितलं होतं, जशी आहेत तशी.”

“सगळेच तसं म्हणतात,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “दोन दिवस माझं डोकं फिरायची वेळ आली. दादावर आळ घेतला मी. आणि रेघा तुम्ही मारत होतात?”

त्यांनी हात पुढे केला. तो नेहमीसारखा थरथरत होता. “या हाताने?”

त्या खांद्याची रेघ एका दमात ओढलेली होती.

“मी मारत नव्हतो, पोरी. मी पुसत होतो. दोन झाली आणि दम लागला.” त्यांनी काळ्या अंगठ्याकडे बघितलं. “दारं बंद असायची. मी बघून काढायचो, कौलं मोजून काढायचो. दार बंद आणि सगळं गाव आत. गोळे पडायला लागले की लोक तिथेच जातात. आत कोण आहे हे बघणं माझं काम नव्हतं. माझं काम मनोऱ्याचं. पण कागदावर दार उघडंच यायचं. हाताला किती सांगितलं तरी ऐकायचा नाही. मग अंगठ्याने बुजवून टाकायचो, नक्कल करून मागे पाठवायचो. तासाभरात तोफा सुरू.”

हे सगळं त्यांनी गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. मला त्यांच्याकडे बघवेना. ज्या चित्रांपुढे मला भरून आलं होतं ती हीच. ज्याने वाढवलं त्या माणसाची मला त्या क्षणी किळस आली, आणि लगेच किळस आल्याचं वाईटही वाटलं.

“आणि बुजवायचं राहिलं तर?”

“एकदा राहिलं. माझ्याबरोबर एकजण होता, मोठा टापटिपीचा. माझं चित्र मळलं म्हणून त्याने बसल्या बसल्या खोडरबराने साफ केलं. चांगलं दिसावं म्हणून.”

“त्याचं काय झालं?”

ते उठले. “पहिलं कोणतं पुसलंस?”

मी त्यांचा दंड धरून त्यांना दुकानात आणलं. त्यांनी पुसलेल्यांपैकी खणातली उरलेली चार चित्रं मागून घेतली आणि एकेका दारावर अंगठा चोळला. वीस वर्षं मी लोकांना कागदाला बोट लावू दिलेलं नाही. त्या दिवशी दिवा धरून उभी राहिले आणि म्हणत राहिले, “इथे अजून थोडं. इथे कोपरा राहिलाय.” सहा दारं बुजली.

मग टेबलावरचं कोंबड्याचं चित्र त्यांच्यापुढे सरकवायला गेले आणि हात मागे घेतला. दार उघडं होतं. खांदा नव्हता. बोटं नव्हती. नुसता अंधार, पहिल्या दिवशी होता तसा. आणि टेबलावरच्या भुकटीत, पानाच्या कडेपासून टेबलाच्या कडेपर्यंत, एक स्वच्छ वाट पडली होती.

दोरीवर वाळत घातलेले कागद एका बाजूला कलले होते. पंखा बंद होता. खिडकी मीच लावली होती.

“आता पुसून उपयोग नाही,” आजोबा म्हणाले. “खोली रिकामी झाल्यावर कुलूप लावण्यातला प्रकार. पेन्सिल दे.”

मी कानामागची दिली, मागचं टोक चावून चावून चपटं झालेली. ते खुर्चीत बसले आणि चित्र पुढे ओढलं.

“तू दादाकडे जा. त्याची माफी माग. तासाभराने दोघं मिळून या.”

“तुम्हाला एकटं टाकून?”

“एकटा कुठे आहे,” ते म्हणाले.

मी त्यांच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली. तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी सहा वर्षांची असताना शाळेच्या फाटकाशी ते बघायचे, अगदी तसंच. “दार मी काढलंय, पोरी. तू फक्त धूळ झाडलीस. जा आता. आणि जाताना दार लोटून घे.”

मी लोटून घेतलं. लोटताना आतून कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटलं. आजोबा तेव्हा दाराकडे पाठ करून बसले होते, आणि आवाज दाराच्या अगदी जवळून आला होता.

६

दादाने माफी मागूच दिली नाही. माझा चेहरा बघून त्याने दंतवैद्याचे दात तसेच अर्धवट टाकले आणि माझ्याबरोबर निघाला. वाटेत मी त्याला काहीही सांगितलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि दुकानात छान ऊन आलं होतं.

आजोबा टेबलावर डोकं टेकून बसले होते. डावा हात चित्रावर होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. ब्याण्णव वर्षांचं हृदय, त्यात विचारायचं काय. दादा लहान मुलासारखा रडला. मीही रडले, पण आधी मी त्यांच्या हाताखालचं चित्र काढून घेतलं होतं.

कोंबड्याच्या चर्चचं दार बंद होतं. डाग नाही, पुसापुशी नाही. फळीन् फळी काढलेली, डाव्या हाताच्या तिरक्या रेघांनी भरलेली. सगळ्या रेघा थरथरत होत्या. कडी कुठे दिसत नव्हती, म्हणजे ती आतल्या बाजूला होती.

“बघ,” दादा डोळे पुसत म्हणाला, “शेवटच्या तासात त्यांनी चित्र पुरं केलं.”

मी मान हलवली. मग पेन्सिल शोधली. टेबलाखाली, खुर्चीखाली, त्यांच्या खिशांत, त्यांच्या मुठीत. दुसऱ्या दिवशी दुकान धुवून काढलं, टेबल पुढे ओढलं, फरशीच्या फटीत सुई घालून बघितलं. ती पेन्सिल अजून सापडलेली नाही.

दहा दिवसांनी धीर करून दिवा आडवा टेकवला. बाकीच्या चित्राला, मनोऱ्याला, कौलांना, कुंपणाला नेहमीसारख्या खाचा होत्या. दाराच्या रेघांना खाचा नव्हत्या. त्या वर आलेल्या होत्या, माझ्याकडे. कागदाच्या पाठीमागून दाबून लिहिलं की पुढे उमटतं तशा. मी चित्र उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. पेन्सिल शोधणं मी त्या दिवशी थांबवलं.

प्रदर्शन मी रद्द केलं. वाचनालयाला कळवलं की कागद फार नाजूक आहेत. दादा अजून मला खोदून खोदून विचारतो, आणि मी त्याला थापा मारते. घरातला फौजदार आता तो झालाय. दहा चित्रं डब्यात आहेत, डागांसकट. कोंबड्याचं खणात, वेगळं. रोज सकाळी आठला हात दोनदा धुऊन मी ते बाहेर काढते आणि थरथरत्या रेघांवर अलगद बोट फिरवते. त्यांची आठवण येते, राग येतो, आणि मी त्यांची जन्माची ऋणी आहे हेही कळतं. तिन्ही गोष्टी बोटाखाली असतात.

परवापर्यंत काही बदललं नव्हतं. परवा बोटाला टोचलं. दिवा आडवा धरून बघितलं, तर फळ्यांवर बारीक ठिपके उठलेत, कडेने, ओळीत. आतून घाईघाईने खिळे ठोकले की बाहेर टोकं निघतात तसे. परवा चार होते. आज नऊ आहेत.

खण बंद करताना मी आता मोठ्याने सांगते, “आजोबा, दार लोटलंय.” आणि दुकानातलं काम दिवसभर उभ्यानेच करते, पाठ खणाला लावून.